‘काय खाल्लंस?’च्या पलीकडे

टोरांटोच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार, आठ महिने शांत आहे, रिपोर्ट चांगले आहेत, तरी दिवाळीला पुण्यात यायला ते तयार नाहीत. कोथरूडहून सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "काय खाल्लंस? टेन्शन घेऊ नकोस रे." कॉल संपला की ते तासभर गप्प.

हे नाटक नव्हे. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं जाळं असतं आणि मेंदूला पोटाशी जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. आतडं सुजलं की मनालाही झळ लागते. सूज उतरल्यावरही कधीकधी चेता हुळहुळ्या राहतात, आणि ‘बाहेर संडास सापडला नाही तर?’ ही धास्ती जाता जात नाही. अशा आजारात साधारण तिघांतल्या एकाला चिंतेची, तर चौघांतल्या एकाला नैराश्याची लक्षणं दिसतात. आजार उफाळला की प्रमाण आणखी वाढतं. स्टिरॉइड चालू असतील तर त्यांनीही झोप आणि मूड बिघडू शकतो. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका.

सासूबाईंशी मात्र तुम्ही एकट्याने, सवडीने बोला. त्यांच्या ‘टेन्शन घेऊ नकोस’मधून मुलाला ‘तूच ओढवून घेतलंस’ असं ऐकू येतं. ताणाने त्रास वाढू शकतो, पण या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. आईंनी "आज झोप लागली का रे?" एवढं विचारलं तरी खूप आहे.

पुढच्या तपासणीत पोटाच्या डॉक्टरांना मनाचंही सांगा आणि समुपदेशकाकडे पाठवायला सांगा. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने, ही धास्ती कमी करता येते. मराठीत बोलणारं कुणी मिळालं तर फार बरं. संडासाची गोष्ट परक्या भाषेत उघड करणं जड जातं. जगणंच नको असं ते बोलले, तर थांबू नका: कॅनडात 988 हा मदतीचा नंबर चोवीस तास चालतो.

आणि दिवाळीचं म्हणाल, तर तिकीट काढायची घाई नको, पण बेत मोडूही नका. विमानात मधल्या वाटेलगतची सीट, डॉक्टरांचं पत्र, औषधं हातातल्या बॅगेत. मुंबईहून येताना खालापूरच्या फूड मॉलवर गाडी थांबवायचीच, गरज असो वा नसो. लक्ष्मी रोडची खरेदी तुम्ही उरका. त्यांना आईजवळ घरी बसू दे.