काकूंची खिडकी : गणपतीचा स्वयंपाक, आप्पांचं एक्याऐंशीवं आणि धोंड्याचं वाण

एसटीच्या आरक्षण खिडकीमागे बसून नोकरी झाली माझी, चिपळूण आगारात. माणूस मागायचा दोन तिकिटं, पण कुणाचं बारसं, कुणाची भाऊबीज, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं मी सुटे पैसे मोजेपर्यंत सांगून मोकळा व्हायचा. निवृत्त झाले तशी खिडकी गेली, सांगणारे राहिले. या महिन्याच्या गठ्ठ्यात घरच्या कार्यांची आणि प्रवासाचीच पत्रं जास्त आहेत.

काकू, आमचं मूळ घर देवरुखजवळ आहे. एरवी बंद असतं, गणपतीत मात्र चार भावांची बिऱ्हाडं तिथे उतरतात. नैवेद्य घरीच रांधायचा, हा दंडक. आजवर सगळं थोरल्या जाऊबाईंनी ओढलं. यंदा त्या म्हणाल्या, "गुडघे गेले, मला आता होत नाही." यजमान म्हणतात केटरर लावू. धाकटे दीर म्हणतात, मग गणपती ठाण्यातच आणू. मला दोन्ही पटत नाही. — तिसरी जाऊ, ठाणे

अगं, यजमान काय म्हणतात ते लिहिलंस, दीर काय म्हणतात तेही लिहिलंस. जाऊबाईंना काय हवंय ते पत्रात कुठे आहे? त्यांनी स्वयंपाक होत नाही म्हटलंय, गणपती नको असं काही म्हटलेलं नाही. आधी त्यांना फोन कर. तूच कर, नवऱ्याकडून निरोप पाठवू नकोस. बायकांना पुष्कळदा राबणं सोडायचं असतं, कारभार सोडायचा नसतो. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे घरातल्या पुरुषांच्या ध्यानात येत नाही, आणि मग ते एकदम केटररच आणून उभा करतात.

आमच्याकडे सासूबाईंचा हात मोडला होता त्या वर्षीची गोष्ट सांगते. हात गळ्यात बांधून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. उकड मी काढली. आंबेमोहोराची पिठी, जेवढ्यास तेवढं पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप, आणि झाकण ठेवून दोन वाफा. मळायला मोठा मुलगा बसला, कारण गरम उकड मळायला जोर लागतो आणि त्याला तो दाखवायची हौस. पण खरी गंमत दिराची. दीर एसटीच्या वर्कशॉपात फिटर. जन्मात कधी पोळपाटाला हात लावलेला नाही. "द्या इकडे," म्हणाला, हात कोपरापर्यंत घासून आला आणि पारी हातावर घेऊन तिच्या कडा तेला-पाण्याच्या बोटाने दाबत अशा सारख्या कळ्या पाडल्या, की सासूबाई चष्मा लावून बघायला पुढे वाकल्या. ज्याचा हात बारीक नटबोल्टावर बसलेला, त्याला कळी अवघड नाही! तेव्हापासून मोदक वळणं दिराकडे आहे, आणि तो आता आम्हा बायकांच्या कळ्यांना नावं ठेवतो. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं घालून निवगऱ्या थापायचं काम पोरांचं. हळदीची पानं परसातून आणायची तीही त्यांनीच.

तर चार बिऱ्हाडांत असा एखादा दीर तुमच्याकडेही निघेल. तुझ्या यजमानांपासूनच सुरुवात कर. नारळ खवणं, भाजी चिरणं, वाढणं आणि घासणं ही कामं जायच्या आधी नावानिशी वाटून टाका. "सगळे मिळून करू" म्हटलं की शेवटी एकटी थोरलीच करते. केटरर लावायचाच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या साध्या जेवणाला गावातल्या एखाद्या बाईंना हाताशी घ्या, त्यांनाही चार पैसे मिळतील. पहिल्या दिवसाचा नैवेद्य घरचा, आणि त्याचं माप जाऊबाईंच्या तोंडून.

आता तिकिटांचं, कारण ते कुणी विचारत नाही आणि मग रडत बसतात. यंदा चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता १२० नाही, ६० दिवसच आधी मिळतं. नोव्हेंबर २०२४ पासून तसं झालंय. शनिवारी १२ तारखेला निघायचं तर १४ जुलैला सकाळी आठच्या ठोक्याला बसा. संगमेश्वर रोडला उतरा, तिथून देवरुखला एसटी आहे, वडाप आहे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली ती १९९८ च्या जानेवारीत. त्याआधी सगळा भार आमच्या खिडकीवर असायचा, तेव्हाच्या शिव्या अजून कानात आहेत. गाडी करून जायचं म्हणत असाल तर माणगावचा खोळंबा धरूनच निघा. आणि आळीतली, वाडीतली माणसं मिळून अख्खी एसटी भरत असेल तर गट आरक्षण करा, बस थेट गावात येते. सामान, आजी आणि हार्मोनियम यांना त्याहून सोयीचं काही नाही.

वडिलांना लवकरच एक्याऐंशी पूर्ण होतील. आम्ही भावंडांनी दापोलीत सहस्रचंद्रदर्शनाचा मोठा कार्यक्रम ठरवला, हॉलला आगाऊ पैसेही दिले. आता आप्पा म्हणतात, "मला मिरवू नका. मी जिथे शाळेत शिकवलं त्या गुहागरला एकदा नेऊन आणा." नातेवाइकांना तर सांगून झालंय. — मुलगा, पुणे

हॉल आप्पांना विचारून घेतला होता का? नाही ना. मग आता त्यांनी हात जोडून लोकांसमोर पाटावर बसावं असा आग्रह कशाला?

हिशेब आधी बघू. पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षं आणि दहाएक महिने लागतात. म्हणून ऐंशी सरली की एक्याऐंशीव्या वर्षात हे करतात. म्हणजे तारखेला तुम्ही बांधलेले नाही, थोडं मागेपुढे चालतं. विधी म्हटला तर पूजा, ८१ दिव्यांनी ओवाळणं, आणि हौस असेल तर गुळाची किंवा धान्याची तुला. यातलं काहीही घराच्या ओटीवर होतं. तुला केलीत तर ते धान्य कुणाला द्यायचं तेही आप्पांनाच ठरवू द्या. शाळामास्तर माणूस, त्यांच्या मनात एखादं वसतिगृह नक्की असेल.

गुहागरला जरूर न्या, आणि खेड-चिपळूण असा वळसा घालून नेऊ नका. दापोलीहून दाभोळला उतरा आणि फेरीबोटीत गाडी चढवा. पलीकडे धोपावे, तिथून गुहागर जवळ. बोटीवर आप्पांना गाडीत बसवून ठेवू नका हं, उतरवून कठड्याशी उभं करा, वाशिष्ठीच्या खाडीचा वारा लागू दे. त्यांच्या नोकरीच्या काळात गाड्या चढवणारी ही बोट नव्हती, तेव्हा ते कसे ये-जा करायचे ते विचारा. अर्धा तास सहज बोलतील. शाळेत आधी फोन करून मुख्याध्यापकांना सांगून ठेवा. सुट्टीचा दिवस नको, मुलं असली पाहिजेत. मास्तरांना रिकामा वर्ग काय दाखवायचा? मग व्याडेश्वराचं दर्शन, जेवण आणि उजेड असताना परत.

हॉलचे पैसे परत मिळाले तर उत्तम, बुडाले तर बुडाले. नातेवाइकांना सांगा, आप्पा भेटायला घरी बोलावताहेत, संध्याकाळी या. निम्मे येतील, तेच यायला हवे होते.

यंदा धोंड्याचा महिना. लेक-जावई बंगळूरला. आईने माझ्या वेळी ३३ अनारसे स्वतः केले होते. मला जमत नाहीत, तेलात विरघळतात. विकतचे दिले तर चालेल का? जावई मल्लू आहे, त्याला यातलं काही कळत नाही. — लातूर

चालतं. देवाला जाळीदार वस्तू लागते, ती अनारसा असो, बत्तासा असो, नाहीतर म्हैसूरपाक. संख्या तेवढी ३३ ठेवा.

तरी करून बघायचेच असतील तर ऐका. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, सावलीत फडक्यावर इतपतच वाळवायचं की हाताला दमट लागतील, मग दळून चाळून त्याच मापात गूळ. गोळा चार-पाच दिवस डब्यात मुरू द्या. तुमचे विरघळतात म्हणजे गूळ जास्त झाला, नाहीतर पीठ कोरडं झालं नव्हतं. वाटीभर पिठात चमचा-दोन चमचे कोरडी पिठी मिसळून एक अनारसा तळून बघा. खसखस वरच्या अंगाला, आणि तळताना उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे तांदूळ एप्रिलअखेरीलाच भिजत घातले तरी घाई नाही; पीठ टिकतं.

जावयाला कळत नाही असं म्हणू नका. केरळच्या माणसाला गूळ, तांदूळ आणि नारळ कळत नाही? उन्नियप्पम खाऊन वाढलेला असणार तो. पुरण भरलेले धोंडे गरम करून वर तुपाची धार धरा, आणि "हे का" असं विचारलं तर सांगा, तुझा मान आहे. एवढं पुरे. उगीच तासभर पुराण नको.

मुलीचं उष्टावण न्यू जर्सीत करतोय. आजी-आजोबा आणि मामा सांगलीत. मामाशिवाय पहिला घास कसा भरवायचा? — आई

शेजारचा कुणी मराठी, तमिळ, गुजराती दादा मामा करा आणि सख्ख्याला फोनवर समोर बसवा. वेळ मात्र तुमची सकाळी आठची धरा, सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच असतात, आजी-आजोबा चहा घेऊन ताजेतवाने असतात. आणि एक, खिरीला मधाचं बोट लावा म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी वर्षाच्या आत मध नाही. तूप लावा.

दोन दिवसांत अष्टविनायक करायचे आहेत. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढे, आणि तीन वर्षांचा मुलगा. कुठून सुरुवात करू? — डोंबिवली

दोन दिवसांत करू नका, इथून सुरुवात करा. आठ देवळांपैकी पाली आणि महड रायगडात, सिद्धटेक नगर जिल्ह्यात भीमेकाठी, उरलेले पाच पुणे जिल्ह्यात विखुरलेले. दोन दिवसांत केले की गणपती दिसतात मिनिटभर आणि गाडीचा मागचा आरसा दिवसभर. पोरगं ओकतं, बाबा लघवीला कुठे थांबायचं म्हणून पाणीच पीत नाहीत. मी सहलीच्या गाड्यांतून उतरणारे चेहरे बघितलेत, त्यावर भक्तीपेक्षा कंबर जास्त असायची.

डोंबिवलीहून पाली-महड ही एका रविवारची गोष्ट, संध्याकाळी घरी. दुसऱ्या खेपेला ओझर गाठा, देवस्थानच्या भक्तनिवासात मुक्काम करा, पहाटे लेण्याद्री. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण डोलीत बसायचं की पायथ्याशी बसून वरच्या गणपतीला हात जोडायचे हे आईंना विचारा. बळेच चढवू नका. येताना रांजणगाव. थेऊर, मोरगाव, सिद्धटेक हे तिसऱ्या खेपेला. रिवाजाप्रमाणे आरंभ आणि सांगता मोरगावला करतात, तो क्रम यात मोडतो हे खरं. बाबांना क्रमाचं महत्त्व असेल तर त्यांचं ऐका, आधी मोरगावला जाऊन नारळ ठेवून या. मुदत घातलीय कुणी?

चुलत-मावस मिळून सगळे महाबळेश्वरला जातो. खर्च समान वाटायचा की डोकी मोजून, यावर दर वर्षी भांडण. — सातारा

राहण्याचा खर्च खोलीप्रमाणे, खाण्याचा डोक्याप्रमाणे, पाच वर्षांखालचं पोर धरायचं नाही. स्ट्रॉबेरी ज्याची त्याने घ्यावी. हिशेब सर्वांत धाकट्या कमावत्या भाच्याकडे द्या, त्याच्याशी कुणी भांडत नाही.

आजी ७६ वर्षांची. तिला कराडहून एकटीनेच आमच्याकडे पुण्याला यायचंय, "एसटी फुकट आहे, मग कशाला सोबत" म्हणते. पाठवावं का? — नात

फुकट आहे हे बरोबर. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटीला तिकीट पडत नाही. ६५ ते ७५ च्या मधल्यांना अर्धं. बायकांना तर २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धंच आहे, पण तुझ्या आजीने तोही टप्पा ओलांडला. आधार कार्ड मूळ बरोबर ठेवायला सांग, वाहक बघायला मागतो.

एकटीला यायचंय तर येऊ दे. सकाळची गाडी, पुढच्या दाराजवळची जागा, पिशवी एकच. कराडला मामाने गाडीत बसवून गाडीचा नंबर तुला कळवायचा, आणि वाहकाला सांगून ठेवायचं की आजींना कुठे उतरवायचं. तुम्ही धनकवडीकडे राहत असाल तर कात्रजलाच उतरवून घ्या. स्वारगेटपर्यंत जाऊन तीच वाट रिक्षाने परत यायची, याला काही अर्थ नाही.