सरकारी वकिलाची पहिली कादंबरी

सप्रेम नमस्कार,

तीनही प्रकरणं वाचली. उलटतपासाचा प्रसंग झकास उतरलाय. तपासाचे प्रसंग मात्र कागदी वाटतात, आणि त्याचं मूळ तुझ्या नोकरीत आहे. सरकारी वकिलाच्या हातात बहुतेक गुन्हे दोषारोपपत्र होऊनच येतात, म्हणजे इस्त्री करून. चुकीचे संशयित, फुकट गेलेल्या रात्री, फुसकी निघालेली खबर, यातलं फारसं काही त्या गठ्ठ्यात उरत नाही. कादंबरीला नेमकं तेच लागतं. खुनी कोण हे आधी ठरव, पण तपास अधिकाऱ्याला निदान दोनदा चुकू दे. प्रत्येक चूक त्या दिवशी त्याच्यापुढे जेवढं होतं तेवढ्यावरून पटली पाहिजे. निकाल लागलेल्या एखाद्या खटल्यातल्या अधिकाऱ्याला सहज विचारून बघ, "आधी संशय कोणावर होता?" त्याचं उत्तर दोषारोपपत्रात सापडायचं नाही.

पंचनाम्याची भाषा सोड. ‘सदर इसमाच्या अंगझडतीत काळ्या मुठीचा चाकू मिळून आला’ हे कोर्टाला पुरतं. वाचकाला हवं असतं ते न लिहिलेलं. हवालदाराने तो चाकू नुसत्या हाताने उचलला का? दुसरा पंच खरंच तिथे उभा होता, की संध्याकाळी ठाण्यात येऊन सही करून गेला? तोच पंच दोन-तीन वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहून "सही माझी आहे, मजकूर माहीत नाही" म्हणतो आणि फितूर ठरतो. फितुरीमागे दर वेळी पैसाच दाखवू नकोस. आरोपीशी जुळलेली सोयरीक, बुडणारी रोजंदारी, पुसट झालेली आठवण, ही कारणं जास्त खरी असतात आणि लिहायलाही जास्त खोल.

एक गोष्ट कायद्याने तुला आयती दिली आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक, म्हणजे त्या कलमाला जोडलेला अपवाद. पोलीस कोठडीतला आरोपी म्हणतो, "ज्या चाकूने मी त्याला भोसकलं तो विहिरीजवळ पुरलाय, दाखवतो." चाकू निघाला, तर ‘विहिरीजवळ पुरलाय, दाखवतो’ एवढंच पुराव्यात येतं, ‘भोसकलं’ गळतं. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हीच रेघ ओढली. वाचकाने अख्खं वाक्य ऐकलंय आणि खटला अर्ध्या वाक्यावर चाललाय: एवढ्यावर चाळीस पानं श्वास रोखून वाचली जातात. हे समजावणारा परिच्छेद मात्र घालू नकोस. बचावाचा वकील हरकत घेतो तिथेच ते कळू दे.

कलमं तपासून घे. खून ३० जून २०२४ पर्यंतचा असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२. १ जुलैपासूनचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. खटला कधी उभा राहिला ते बघू नकोस, गुन्ह्याची तारीख बघ. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, दुसऱ्या प्रकरणात तू घेतली आहेस. आणि तो लाकडी हातोडा काढ! तो सिनेमातच आपटतात.

आता जपायची बाब. चालू खटला किंवा अपील बाकी असलेला खटला शिवायचाच नाही. संपलेल्या खटल्यातूनही माणसं उचलू नकोस, फक्त यंत्रणा घे: पुरावा कुठे तुटला, कोण का गप्प बसलं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात नाव बदलून भागत नाही. गाव, नातं, शाळा यांवरूनही पीडितेची ओळख पटली तर न्याय संहितेचं कलम ७२ आड येतं. नेमणूक कायम सेवेतली असेल तर वर्तणूक नियम वाच आणि छापण्याआधी लेखी परवानगी घेऊन ठेव. तोंडी ‘लिहा की’ नंतर कुणाला आठवत नाही.

वेळेचं म्हणशील तर सकाळी कोर्टाआधी तीनशे शब्द. सत्तर हजारांचा खर्डा साधारण २३५ दिवसांत होतो. रात्री नको, दिवसभराच्या युक्तिवादानंतर लिहिलेलं पात्रही युक्तिवादच करतं. तुझा नायक तसाच बोलतोय, दर संवादात तीन मुद्दे आणि वर निष्कर्ष. त्याला वाक्य अर्धं सोडायला शिकव.

चौथं प्रकरण बचावाच्या वकिलाच्या नजरेतून लिहून पाठव. त्याचा अशील निर्दोष आहे असं तुला स्वतःला वाटेपर्यंत पाठवू नकोस.

तुझा,
एक जुना सहकारी