सुगी झाली की गोबर गॅस कमी का पडतो?

प्रश्न: आमचं गाव खानापूर तालुक्यात. दोन म्हशी, एक गावठी गाय, आणि 2 घनमीटरचा दीनबंधू प्लांट, म्हणजे जमिनीत पुरलेली, वर पक्का डोम (घुमट) असलेली टाकी. पावसाळाभर दोन्ही वेळचा स्वयंपाक निघायचा, आता सकाळचा चहा न् भाकऱ्या झाल्या की संपलं. ज्योत पण भकभक करते. घरातले म्हणतात डोम फुटलाय, उकरून बघूया. काय करावं?

उत्तर: ताई, उकरायचं तेवढं थांबवा. सुगी झाल्यावर जनावरं रानात सोडता ना? मग दिवसभराचं शेण रानातच पडतंय की! पावसात ती गोठ्यात बांधलेली असतात म्हणून सगळं शेण हाताला लागतं. 2 घनमीटरच्या प्लांटला रोज 50 किलो ताजं शेण लागतं, तुमची तिन्ही जनावरं दिवसभर बांधली तरी 40 किलोच्या आसपासच मिळणार, आणि नुसतं रात्रीचं धरलं तर निम्म्यावर येतं. सासूबाई "तेवढंच घालतोय" म्हणत असतील तर वाद नको, एकदा बुट्टी वजनकाट्यावर ठेवा.

दुसरं म्हणजे थंडी. गॅस करणारे जिवाणू 35 अंशाला जोरात काम करतात आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 15 च्या आसपास येतो, मग ते पण सुस्तावतात. त्यामुळं काला, म्हणजे शेण-पाण्याचं मिश्रण, सकाळी गारठ्यात कालवू नका, पाण्याची बादली उन्हात ठेवा आणि दुपारी कालवून सोडा. डोमवरची माती उघडी पडली असेल तर वर भाताचं पिंजार पसरा.

आणि पाणी! शेण जेवढं तेवढंच पाणी, काला आंबोळीच्या पिठासारखा झाला पाहिजे. बऱ्याच घरात गोठा धुतलेलं पाणी पाटानं सरळ टाकीत जातं, दिसायला सोयीचं, पण काला पातळ होतो, शेण कुजायच्या आधीच बाहेर ढकललं जातं आणि जडकण तळाला बसतो. फिनेल, साबणाचं पाणी तर अजिबात नको, जिवाणू मरतात.

भकभक मात्र वेगळी भानगड आहे. गोबर गॅस ओला असतो, रात्री पाईप गार पडला की वाफेचं पाणी होऊन खोलगट जागी साठतं आणि गॅस अडखळत येतो. पाईपच्या सगळ्यात खालच्या जागेची तोटी उघडून पाणी काढून टाका, पाणी संपून गॅसची फुसफुस ऐकू आली की लगेच बंद करा. तरी लीकची शंका असेल तर जोडांना साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर तिथंच लीक. काडी ओढून बघायची हौस नको, आणि टाकीत उतरायचं तर नाहीच नाही, आत श्वास कोंडून माणसं गेलीत.

प्रश्न: निपाणीकडं राहतो. दोन जर्सी गाई, घरात पाच माणसं. एकदाच मोठा प्लांट घालावा म्हणतोय.

उत्तर: दादा, गॅस शेणानं होतो, टाकीनं नाही. दोन जर्सीचं शेण साधारण 30 किलो, म्हणजे 1 घनमीटरचा प्लांट बास. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक त्यावर निघणार नाही, सिलिंडर राहू दे. जागा विहिरीपासून लांब आणि उन्हातली बघा. शेगडी बायोगॅसचीच घ्या, सिलिंडरच्या शेगडीचं जेट बारीक असतं, त्यावर हा गॅस नीट पेटत नाही. आणि प्लांट नवा भरल्यावर पहिला गॅस पेटला नाही म्हणून मिस्त्रीला शिव्या देऊ नका, त्यात कार्बन डायऑक्साईडच जास्त असतो, तो सोडून द्या.