ऊर्ध्वपातन, आसवन आणि हिंदीतून आलेला घोळ

प्रश्न नागपूरचा : बुटीबोरीतल्या एका कारखान्याची हिंदी कार्यसूचना मराठीत करायची आहे. तिच्यातलं 'ऊर्ध्वपातन' तसंच ठेवू का? आणि 'आसवन'ला काय म्हणू?

तसंच ठेवू नका. हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे घनाची थेट वाफ होऊन पुन्हा घन होणं : कापूर, आयोडीन, नॅफ्थॅलीन. मराठीत ते संप्लवन. आपल्या पाठ्यपुस्तकातलं ऊर्ध्वपातन, म्हणजे द्रवाची वाफ करून ती थंड करून पुन्हा द्रव मिळवणं, हे हिंदीचं आसवन. शब्द न बदलता सूचना गेली, तर खाली द्रव उतरणार या समजुतीने ऑपरेटर बारीक नळीचा कंडेन्सर (वाफ थंड करणारं उपकरण) जोडेल. नॅफ्थॅलीन 80 अंश सेल्सिअसला वितळतं. गार पाण्याच्या नळीत ते थिजणार, नळी तुंबणार आणि भांड्यात दाब चढणार.

खरं तर दोन्ही अर्थ एकाच चुलीवरचे. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज) तापवून पारा काढतात. वरच्या मडक्यावर ओलं फडकं, आणि आतून पाऱ्याचे थेंब चिकटलेले. रसकापूर (पाऱ्याचा क्षार) करताना मात्र वर जमतो तो घन. जुन्या शब्दात 'वर चढवणं' एवढंच होतं; मराठीने थेंब घेतला, हिंदीने खडा.

'आसवन' मराठीत आणू नये असं माझं मत. आपल्याकडे आसव म्हणजे द्राक्षासव, कुमारी आसव : आंबवलेलं औषध, वाफ थंड करून मिळवलेलं नव्हे. मोहाची दारू आपण 'गाळतो', तिथे गाळणीचा संबंध नसतो. झकास क्रियापद, पण कार्यसूचनेत लिहाल तर कुणीतरी फिल्टर शोधत बसेल.

'रिफ्लक्स', म्हणजे वर थंड झालेला द्रव ऊर्ध्वपातनाच्या उभ्या नळकांड्यात, कॉलममध्ये, परत सोडणं, हा शब्द मात्र राहू द्या, प्लँटवर सगळे तेच म्हणतात. रिफ्लक्सचं गुणोत्तर 3 म्हणजे त्या द्रवाचे 3 भाग कॉलममध्ये परत, 1 बाहेर. त्याच्या आधी 'इष्टतम' (सगळ्यात फायद्याचं) असेल तर त्याचं 'कमाल' करू नका. कमाल म्हणजे सगळंच परत, बाहेर थेंबही नाही. बॅचच्या सुरुवातीला वरचं तापमान स्थिर होईपर्यंत तसं चालवतात. पुढे गुणोत्तर एकच धरलं, तर हलका घटक संपत जाईल तशी शुद्धता उतरते. शुद्धता धरायची तर रिफ्लक्स वाढवत न्यावा लागतो, मग वेळ आणि तापवायची वाफ दोन्ही खर्ची पडतात. इष्टतम चाल सहसा एकच गुणोत्तर आणि वाढता रिफ्लक्स या दोहोंच्या मधली, वेळेबरोबर बदलणारी. तेव्हा मूळ सूचनेत 'इष्टतम' आणि पुढे एकच आकडा दिसला, तर सोबतचा वेळेचा किंवा तापमानाचा तक्ता सुटला नाही ना, ते आधी विचारून घ्या.