सेवेत असताना आजाराने गेलेल्या जवानाच्या पत्नीला काय मिळतं? रेकॉर्ड ऑफिसने 'सेवेशी संबंध नाही' लिहिलं तर पुढे काय?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं आहे: भाऊ तोफखान्यात हवालदार, सोळा वर्षं नोकरी, पोस्टिंग राजौरी भागात. पहाटे बराकीत हृदयविकाराचा झटका आला आणि मृत्यू झाला. वहिनींना फॅमिली पेन्शन सुरू झाली आहे. पण चार महिन्यांपूर्वी रेकॉर्ड ऑफिसचं (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्करी कार्यालय) पत्र आलं की आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. 'शहिदांच्या घरच्यांना मिळतात ते पैसे मिळतील का,' हा तुमचा प्रश्न.

ते पैसे बहुधा मिळणार नाहीत. पण पत्रातलं ते एक वाक्य बदलून घेता आलं, तर वहिनींची पेन्शन आत्ता थोडी वाढते आणि दहा वर्षांनंतर आयुष्यभर साध्या पेन्शनच्या दुप्पट राहते. त्यामुळे सगळा जोर तिथे लावा. 'शहीद' हा शब्द गावच्या फलकावर कुणीही लिहो, पेन्शनच्या नियमांत तो नाही. तिथे मृत्यूचे ए ते ई असे पाच वर्ग आहेत. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू, बी म्हणजे सेवेमुळे झालेला किंवा सेवेने बळावलेला आजार, सी म्हणजे कामावरचा अपघात, डी आणि ई म्हणजे अतिरेकी हल्ला, चकमक, युद्ध वगैरे. तुमच्या भावाला ए मध्ये टाकलंय. तुम्हाला बी मध्ये यायचंय.

हिशेब करून बघा. समजा शेवटचा मूळ पगार ३५,९०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, मिळून ४१,१०० रुपये. आत्ताची साधी फॅमिली पेन्शन पहिली दहा वर्षं याच्या ५० टक्के, म्हणजे २०,५५० रुपये. दहा वर्षांनी ती ३० टक्क्यांवर येते, म्हणजे १२,३३०. बी वर्गातली स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के, म्हणजे २४,६६०, आणि ती दहा वर्षांनी कमी होत नाही. डी आणि ई वर्गातली लिबरलाइज्ड पेन्शन पूर्ण ४१,१००. महागाई भत्ता या सगळ्यांवर वेगळा. आज फरक चार हजारांचाच दिसतो म्हणून बरीच कुटुंबं पत्र फाइलला लावून गप्प बसतात. मुलं कॉलेजात जातात त्याच सुमारास पेन्शन एकदम उतरते, आणि तोवर कागद जमवायला कुणी उरलेलं नसतं.

एकरकमी अनुग्रह रकमेबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०१६ पासूनचे दर असे: कामावरचा अपघात किंवा अतिरेकी हिंसा २५ लाख, सीमेवरची चकमक किंवा ठरवून दिलेल्या अतिउंच, दुर्गम चौक्यांवर हवामानाने आलेला मृत्यू ३५ लाख, युद्धातला मृत्यू ४५ लाख. बराकीत आलेला झटका यांत सहज बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियंत्रण रेषेजवळ गस्त घालताना कडाक्याच्या थंडीत हृदय बंद पडून गेलेल्या एका नाईकाच्या पत्नीची लिबरलाइज्ड पेन्शन कायम केली, वर तिला कोर्टात ओढल्याबद्दल सरकारला ५०,००० रुपये खर्च लावला. तो निकाल लोक सगळीकडे फिरवतात. पण तो जवान गस्तीवर होता, हा फरक मोठा आहे. भाऊ आदल्या रात्री गस्तीवरून किंवा पहाऱ्यावरून आला असेल तर लिबरलाइज्डची मागणी पर्यायी म्हणून जरूर लिहा, पण मुख्य मागणी स्पेशलचीच ठेवा.

आता तो 'संबंध' ठरतो कसा. यात दोन वेगळे प्रश्न आहेत: आजार सेवेमुळे झाला का, आणि नसेल झाला तर सेवेने तो वाढला का. दोन्हीपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं तरी स्पेशल पेन्शन बसते. अर्जात हमखास पहिलाच मुद्दा लढवला जातो आणि दुसरा राहून जातो. हृदयविकारात तर दुसराच सोपा असतो. रक्तदाब आधीपासून होता, तरी फील्डमध्ये पोस्टिंग होतं, कमी मेडिकल कॅटेगरी (म्हणजे तब्येतीमुळे डॉक्टरांनी खालचा दर्जा दिलेला) असताना रात्रीची ड्यूटी लावली, या गोष्टी 'बळावला' या बाजूने जातात.

लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हृदयविकारासाठी मृत्यूआधीच्या १४ दिवसांचा ड्यूटीचा तपशील बघायला सांगितलंय. त्याला 'चार्टर ऑफ ड्यूटीज' म्हणतात आणि तो युनिट देतं. निर्णय बऱ्याचदा याच एका कागदावर फिरतो. 'रुटीन ड्यूटी' असे दोनच शब्द लिहून आला असेल, तर पुढे डॉक्टरकडेही लिहायला काही नसतं. म्हणून भावाच्या बॅटरीतल्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीतल्या माणसांशी, शक्यतो सुभेदार मेजर साहेबांशी आजच बोला. त्या दोन आठवड्यांत गार्ड, स्टँड-टू (हत्यारांसह सज्ज उभं राहणं), कॉन्व्हॉय, फायरिंग, उंचावर चढाई काय काय होतं ते लिहून घ्या. युनिटची जागा बदलली, सीओ (युनिटचे प्रमुख अधिकारी) बदलले, की हे मिळणं अवघड होतं.

मृत्यूची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, पण ती महत्त्वाची आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे आजार किंवा मृत्यूचा सेवेशी संबंध ठरवायचे नियम, लागू झाले आणि ते कुटुंबाच्या दृष्टीने जास्त कडक आहेत. त्याआधीच्या मृत्यूंना जुने नियम लागतात. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी कुठल्या आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सरकारने सिद्ध करायचं. खटला अपंगत्व पेन्शनचा होता, पण तत्त्व कुटुंबाच्या दाव्यातही मांडतात. मृत्यू नव्या नियमांत येत असेल तर एवढ्यावर भागणार नाही. ड्यूटी आणि आजार यांचा दुवा कागदावर दाखवावा लागेल.

कागद मागवताना वहिनींच्या नावाने रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र आणि त्याचसोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही पाठवा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, म्हणजे तुम्हाला स्वतः जाऊनही येता येईल. (मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांना बेळगाव, महार रेजिमेंटवाल्यांना मध्य प्रदेशातलं सागर.) मागायचे कागद: भरतीची वैद्यकीय तपासणी, गेल्या पाच वर्षांच्या वार्षिक तपासण्या, मेडिकल कॅटेगरी खाली आणली असल्यास त्या बोर्डाचे कागद, लष्करी दवाखान्याची केस शीट आणि मृत्यूचा सारांश, शवविच्छेदन अहवाल, एएफएमएसएफ-९३ (मृत्यूचा सेवेशी संबंध आहे का यावरचा लष्करी वैद्यकीय फॉर्म) चे दोन्ही भाग, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) झाली असल्यास तिचे निष्कर्ष, तो १४ दिवसांचा तपशील आणि कुठे किती काळ पोस्टिंग होतं त्याची यादी. 'माझ्या पतीची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. दवाखान्याचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, हेही लक्षात ठेवा.

तुमच्या बाबतीत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल: जवान रजेवर असताना गावी मृत्यू झाला म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. मात्र खासगी दवाखान्याच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म ४ वर, नुसतं 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडली' लिहून घेऊ नका. मृत्यू कशानेही आला तरी ते खरंच असतं, त्यातून कारण कळत नाही. मूळ आजार कोणता आणि तो किती दिवसांपासून, हे रकाने डॉक्टरकडून भरून घ्या. शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात, ते समजण्यासारखं आहे. पण ते झालेलं नसलं की पुढे दावा फार लंगडा पडतो.

पहिलं अपील पत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांत करायचं. चार महिने गेलेत, म्हणजे सगळे कागद येण्याची वाट बघत बसू नका. अपील आत्ता दाखल करा आणि शेवटी लिहा की मागवलेले कागद मिळाल्यावर पुरवणी निवेदन देऊ. अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे जातं. अर्ज वहिनींच्या सहीचा हवा, तुमच्या नव्हे. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. मजकूर दोन पानांच्या आत बसवा: कोणत्या तारखेचं पत्र, नकाराचं कारण काय दिलंय, ते का चुकीचं आहे (झाला आणि बळावला, दोन्ही मुद्दे वेगवेगळे), आणि मागणी. पत्रात वैद्यकीय कारणच दिलेलं नसेल, नुसतं 'संबंध नाही' असेल, तर तोच आक्षेपाचा पहिला मुद्दा. घरची हलाखी एका ओळीत पुरे, समिती त्यावर निर्णय देत नाही.

पहिलं अपील फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. तेही गेलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. तिथेही मुदत सहा महिन्यांचीच, पण पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत राहतं म्हणून उशीर बहुतेक वेळा माफ होतो. फक्त थकबाकी मग साधारणपणे अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. थकबाकीचे टक्के मागणारे 'पेन्शन सल्लागार' रेकॉर्ड ऑफिसच्या आसपास भेटतील, त्यांना मूळ कागद देऊ नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. जुलै २०२५ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांतून कायदेशीर मदत द्यायला सुरुवात झाली आहे, तिथे चौकशी करा.

आता बाकीचे पैसे, जे कोणत्याही वर्गात मिळतात. डेथ ग्रॅच्युइटी: ११ ते २० वर्षं सेवेला महागाई भत्त्यासह मासिक वेतनाच्या २० पट. आर्मी ग्रुप इन्शुरन्स: मृत्यूचं कारण न बघता, पण नॉमिनीला. इथेच घराघरांत भांडणं लागतात, कारण लग्नाआधी केलेलं आईचं नॉमिनेशन तसंच राहिलेलं असतं. शिवाय प्रॉव्हिडंट फंड आणि रजेचा पगार. वहिनींचं नाव आधारवर एक, शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर) दुसरं, बँकेत माहेरचं असं असेल, तर आधी ते एकसारखं करून घ्या. 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर पैसे अडकण्याचं ते नेहमीचं कारण आहे. स्पर्शचं लॉगिन त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर हवं, आणि हयातीचा दाखला दरवर्षी.

केंद्रीय सैनिक बोर्डाचे शिक्षण आणि लग्नासाठीचे अनुदानाचे दर १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दुप्पट झाले आहेत. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना शिक्षणासाठी दोन मुलांपर्यंत प्रत्येकी महिना २,००० रुपये. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. तिथे विधवेचं ओळखपत्र काढलेलं नसेल तर आधी ते काढा. गावच्या घरपट्टीच्या माफीलाही तेच लागेल. व्यावसायिक पदवीला जाणाऱ्या मुलांना पंतप्रधान शिष्यवृत्ती: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५००.

भाऊ अग्निवीर असता तर हे गणित पूर्ण वेगळं असतं. तिथे पेन्शनच नाही. सेवेशी संबंध नसलेल्या मृत्यूला ४८ लाखांचा विमा आणि जमा सेवा निधी. संबंध मान्य झाला तर त्यावर ४४ लाख आणि चार वर्षांतल्या उरलेल्या काळाचा पगार. तिथेही सगळं त्याच एका वाक्यावर. आणि सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांना वरचे नियम लावू नका.

तुम्ही शेवटी दोन गोष्टी विचारल्या होत्या. आयकर: युद्ध किंवा ऑपरेशनमधल्या मृत्यूची फॅमिली पेन्शन करमुक्त असते, आजाराची नसते. ती 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवायची. नव्या करप्रणालीत तिच्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी रक्कम वजा मिळते. पुनर्विवाह: केला म्हणून स्पेशल पेन्शन आपोआप बंद होत नाही, मुलांचा सांभाळ वहिनी करणार की नाही यावर ती ठरते. सासरच्यांनी त्यांच्याकडून कोऱ्या स्टँपपेपरवर सह्या घेतल्या असतील, तर ते कागद आधी परत मागा.