ग्रेड 'ए'च आहे, मग भावाचे स्किमचे गुण वाढले कसे?

तुम्ही लिहिलंय की पाठीच्या मणक्याला मार लागून भावाचे दोन्ही पाय गेले, हात चांगले आहेत. रिपोर्टवर मज्जारज्जूची इजा किती आहे ते सांगणारा ग्रेड 'ए' तसाच आहे, तरी स्किमचे (SCIM, मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटचं स्वावलंबन मोजणारा तक्ता) गुण 30 वरून 58 झाले. हे खरं, की घरच्यांना बरं वाटावं म्हणून?

खरं असू शकतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हा फॉर्म भरणं माझं नेहमीचं काम. ग्रेड मज्जातंतूंची अवस्था सांगतो. 'ए' म्हणजे गुदद्वाराभोवती ना संवेदना, ना हालचाल. स्किम बघतं ते पेशंट स्वतःचं स्वतः किती करतो. एकूण 100 गुण: जेवण, अंघोळ, कपडे वगैरेंना 20, श्वास आणि लघवी-संडासला 40, हिंडण्याफिरण्याला 40.

नातेवाइकांचं सगळं लक्ष पायांकडे, आणि गुण मात्र भराभर वाढतात लघवीच्या रकान्यात. कायमची नळी असेल तर तिथे 15 पैकी शून्य. तीच काढून पेशंट ठरावीक वेळी स्वतः नळी घालून लघवी काढू लागला आणि मधे गळती नसली की थेट 11! पायाचं बोटही न हलता.

आता फॉर्म कसा भरला, ते महत्त्वाचं. 'जमतं का?' विचारलं की पेशंट हो म्हणतो, आई नाही म्हणते. म्हणून मी करून दाखवायला सांगते. पलंगावरून व्हीलचेअरवर जाताना ब्रेक कोणी लावला, पाय कोणी उचलून ठेवले, कोणाचा हात कोपराखाली गेला का, हे बघते. नुसतं 'पडशील हं' म्हणत कोणी शेजारी उभं राहावं लागलं किंवा सरकायची फळी लागली, तरी 2 पैकी 1च. (घरचे हौसेने मदत करतात आणि गुण घालवतात, हे नेहमीचंच.)

फिम नावाचा 18 ते 126 गुणांचा तक्ताही दिसेल. तो स्ट्रोकच्या पेशंटलाही लावतात, त्यात बोलणं-समजणं, स्मरणशक्तीही येते. भावाचं डोकं शाबूत असेल तर ते गुण पहिल्यापासूनच भरलेले असतात. दोन्हींच्या आकड्यांची तुलना करू नका.

पुढच्या भेटीत तिन्ही भागांची फोड मागा. लघवीपुढे अजून शून्य असेल, तर स्वतः नळी घालायला कधी शिकवणार, हे युरॉलॉजिस्टना आधी विचारा.