आधी किल्ली, मग भाव

बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर दिसणारा आकडा म्हणजे तुझं बिटकॉइन नव्हे, ते त्यांचं तुला असलेलं देणं. २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं, २०२२ मध्ये एफटीएक्स. स्क्रीनवर शिल्लक होती, पैसे मात्र निघेनात.

हार्डवेअर वॉलेट घे, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली तुझ्याच हातात ठेवणारं छोटं उपकरण. ते १२ किंवा २४ शब्द देतं, त्यांवरून ती किल्ली परत मिळवता येते; ते कागदावर, क्रमाने, स्वतःच्या हाताने लिही. फोटो नको, क्लाउड तर नकोच. मी एकदा दोन शब्दांची अदलाबदल करून बसलो होतो. नशीब, रक्कम टाकण्याआधी वॉलेट पुसून त्या कागदावरून पुन्हा उभं करून पाहिलं. ही तालीम तूही कर, कंटाळा आला तरी.

भावाचं भाकीत करणाऱ्याला, मलाही, एवढंच विचार: चुकलात तर तुमचं काय जाईल? आणि तुझ्याकडे किती आहे, ते कुणाला सांगत बसू नकोस.